कूलर बंद झाले ती दुपार

माणूस कसा आहे हे मला त्याच्या बाथरूमच्या नळावरून कळतं. गमतीनं नाही सांगत. नळाचा पहिला थेंब पडला की फोन करणारे असतात. महिनाभर खाली बादली लावून ठेवणारे आणि मग एक दिवस एकदम मालकाच्या सात पिढ्या काढणारे असतात. आणि काही स्वतःच पकड घेऊन बसतात, नळ मुळापासून उपटतात आणि वर मलाच विचारतात, "मॅडम, असे नळ काहून लावता तुमी?"

अकोल्यात जठारपेठेत एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या बाजूला, माझं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर किल्ल्यांचा बोर्ड आणि खिडकीत एक जुना कूलर. इमारतीतल्या बहुतेक फ्लॅटचे मालक पुण्याला नाहीतर हैदराबादला, एक तर पार कॅनडात. राहतात ते भाडेकरू. भाडेकरूचं गाऱ्हाणं मालकापर्यंत न्यायचं, मालकाचा नकार भाडेकरूपर्यंत आणायचा आणि मधल्या मधे प्लंबर, वायरमन, लिफ्टवाला यांना जिथे असतील तिथून हुडकून आणायचं, हे माझं काम.

यातलं खरं कसब नळात नाही, बोलण्यात आहे. भाडेकरू म्हणतो, "तुमच्या मालकाले म्हणा, एक पावसाळा या घरात राहून दाखव." मी पुण्याला कळवते, भिंतीला ओल येत असल्याबद्दल विनंती आहे. पुण्याहून उत्तर येतं, या विषयाकडे योग्य वेळी लक्ष देता येईल. मी वर जाऊन सांगते, "नाही म्हणतात." दोघांनाही वाटतं की मी त्यांच्या बाजूची आहे. माझी नोकरी टिकली ती एवढ्यावरच.

मी मूळची अमरावतीची. लग्न होऊन अकोल्याला आले तेव्हा माहेरच्यांनी सासूची नाही, उन्हाळ्याची काळजी केली होती. अमरावतीचा उन्हाळा काही थंड असतो असं नाही, पण अकोल्याकडे बोट दाखवता येतं म्हणून अमरावतीकरांना तो थंड वाटतो. इथे मार्च सरता सरता माळ्यावरचे कूलर उतरतात. त्यांना नवं गवत लागतं, रंगाचा हात फिरतो आणि मग पावसाळा लागेपर्यंत प्रत्येक खिडकीत एकेक लोखंडी पेटी घोंघावत बसते. आमच्या इमारतीत मधोमध हवा यायला जागा सोडली आहे, आणि निम्मे कूलर त्या पोकळीत तोंड काढून बसलेले. जिन्यात उभं राहिलं तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. नव्या माणसाला वाटतं कुठेतरी गिरणी चालू आहे. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही इतका अंगवळणी पडलेला.

आता एवढ्या गदारोळात कोणी आवाजाची तक्रार करेल असं तुम्हाला वाटेल का? दुसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब करायचे.

त्यांच्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, एक सर आणि काकू राहतात. सर विज्ञानाचे शिक्षक होते, सगळी नोकरी हिवरखेडच्या शाळेत झाली. निवृत्त झाल्यावर त्यांची फुप्फुसं रुसली आणि डॉक्टर जवळ हवा म्हणून दोघं अकोल्याला भाड्यानं राहायला आली. घर नीटनेटकं. कपाटावर बुद्धाची छोटी पांढरी मूर्ती, खाली पुस्तकं, आणि पलंगाच्या पायथ्याशी ऑक्सिजनची मशीन. ही मशीन खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढते आणि लांब नळीतून सरांच्या नाकापर्यंत पोचवते. ती दिवसरात्र चालू असते. घूं घूं करते, मग फस्स करते, परत घूं घूं.

तो आवाज फरशीतून खाली उतरायचा. वकीलसाहेबांचा सकाळचा फोन ठरलेला. "मॅडम, वरची ती गिरणी बंद होते का नाई? मले कोर्टाचे कागद वाचाचे असतात." मी आधी मशीनखाली रबराची चटई टाकली. मग जुनी गादी कापून टाकली. मग काकूंनी आपली स्वतःची गोधडी घडी करून घातली. आवाज जरा दबला, फोन दबले नाहीत. एकदा तर जिन्यात मला गाठून म्हणाले, "अशा माणसानं चिखलदऱ्याले राहावं ना. हवाबी भेटंल आणि खाली कोणी राहणार नाई." मी हसून टाकलं. मनातून इतकी चिडले होते की घरी जाऊन भाकरी थापताना परातच आपटली.

सरांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी कधी विषय काढला नाही. फक्त एवढंच केलं, की रात्री मशीन पलंगाच्या दुसऱ्या बाजूला सरकवायला सुरुवात केली. का, तर वकीलसाहेबांचा पलंग या बाजूला असेल असा त्यांचा अंदाज होता.

आता त्या दुपारचं सांगते. मे महिना. सकाळपासून डांबर पायाला चिकटत होतं. वकीलसाहेबांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती आणि घरात कोवळं बाळ होतं, त्यामुळे त्यांच्याकडे नवाकोरा मोठा कूलर आला होता. मी ऑफिसात दरवाजा लोटून, ओला रुमाल मानेवर टाकून बसले होते. कोपऱ्यावरच्या डीपीवर धाडकन आवाज झाला. डीपी म्हणजे गल्लीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. सकाळी त्याचा एक फेज गेलाच होता. आता दुसरा गेला.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी. वीज आमच्याकडे तीन फेजवर येते, म्हणजे तीन वाटांनी समजा. आणि आमच्या मीटरच्या खोलीत प्रत्येक फ्लॅटसाठी एक खटका बसवलेला आहे. तो फिरवला की घर एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जातं. एक फेज गेला तर वऱ्हाडातला माणूस लाइनमनची वाट पाहत बसत नाही. चपला घालतो, खाली येतो, खटका फिरवतो आणि वर जाऊन पुन्हा कूलरसमोर आडवा होतो. प्रत्येकाला वाटतं की ही अक्कल आपल्या एकट्यालाच सुचली. गल्लीतल्या सगळ्या इमारतींत हीच खोली, हाच खटका आणि हीच अक्कल.

तर दुसरा फेज गेल्यावर जिन्यात चपलांची फटफट सुरू झाली. एकेक जण उतरला, खटका फिरवून गेला. सगळी इमारत, सगळी गल्ली, उरलेल्या एका फेजवर येऊन बसली. माझ्या डोक्यावरचा पंखा बैलगाडीच्या चाकासारखा फिरायला लागला. ट्यूबलाइट मिचमिचली. मी लाइनमनला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, शहरभर हेच चालू हाये. दोनेक तास लागतीन."

फोन ठेवते तोच काकूंचा आला. "बेटा, मशीन बोंबलून राहिली. वर ये."

लिफ्ट एवढ्या विजेवर हलत नव्हती. मी जिन्यानं वर गेले. मशीनवर लाल दिवा पेटलेला आणि ती एकसारखी टीं टीं करत होती. व्होल्टेज कमी पडलं की ती ऑक्सिजन बनवायचं बंद करते. इन्व्हर्टर सकाळपासून चार्जच झाला नव्हता, तो केव्हाच मेला होता. काकूंनी अडीअडचणीचं छोटं सिलिंडर लावलं होतं, पण त्याचा काटा लाल पट्ट्याला टेकत आलेला. मोठं सिलिंडर भरून आणायला मुलगा अमरावतीला गेलेला. तिथे त्याची नोकरी, आणि सिलिंडर भरून देणारा ओळखीचा माणूसही तिथलाच. काकूंनी त्याला फोन लावला तेव्हा तो नुकताच बडनेऱ्याच्या पुढे निघाला होता.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "ॲम्ब्युलन्स सगळ्या उन्हाच्या पेशंटसाठी बाहेर आहेत. आली की पाठवतो. पण या उन्हात त्यांना खुर्चीवर बसवून तीन मजले उतरवू नका, तेवढं त्यांना झेपणार नाही. काहीही करून मशीन चालू करा."

काहीही करून. मी मशीनकडे पाहिलं, मशीन माझ्याकडे बघून टीं टीं करत राहिली.

सर उशांना टेकून बसले होते. ओठ निळसर पडायला लागले होते. त्यांनी बोट वर करून पंख्याकडे दाखवलं आणि एकेक शब्द सुटा सुटा करत म्हणाले, "सगळे... एकाच फेजवर... आले असतीन. लोड वाढला. मंग व्होल्टेज... पडते." शाळेत सांगितल्यासारखं सांगितलं. आपलाच श्वास अडकलेला असताना माणूस त्याचं कारण समजावून देतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

"सर, लोकांनी कूलर बंद केले तर?"

ते मान हलवत राहिले. "नका सांगू. उन्हाळा हाये. कोणाले काहून... तरास." आणि त्यांची नजर फरशीकडे गेली. फरशीच्या खाली कोण राहतं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. काकू त्यांच्यावर इतक्या जोरात ओरडल्या की मीच दचकले. "गप बसा तुमी! श्वास वाचवा!" मग मला म्हणाल्या, "जाय बेटा. सांग सगळ्याईले."

मी खाली धावले ती थेट मीटरच्या खोलीत. ती उघडीच असते. समोर खटक्यांची रांग. माझा स्वभाव तापट, हात शिवशिवत होते, एका दमात सगळे खाली पाडावेत असं वाटत होतं. पण एवढी वर्षं मी या माणसांत काढली आहेत. मी खटका पाडला तर मिनिटभरात एकेक जण खाली येईल, खटका वर करेल, वर माझ्याशी भांडेल. आणि खोटं कशाला बोलू, त्या खटक्यांच्या दुसऱ्या टोकालाही माणसंच होती. कोणाची म्हातारी आई, कोणाची गोळ्या घेऊन झोपलेली बायको, आणि दुसऱ्या मजल्यावर ते कोवळं बाळ. शेचाळीसच्या उन्हात कूलर म्हणजे चैन नाही. कोणाचा बंद करायचा हे ठरवणारी मी कोण?

मग मी इमारतीच्या ग्रुपवर बोलून निरोप टाकला. लिहीत बसायला वेळ नव्हता. म्हटलं, "मी ऑफिसमधून बोलतेय. तिसऱ्या मजल्यावरच्या सरांची ऑक्सिजनची मशीन व्होल्टेज नसल्यानं बंद पडली आहे. सिलिंडरमध्ये अगदी थोडा ऑक्सिजन उरलाय. सगळ्यांनी कूलर बंद केले तर मशीन चालू होईल. मी हुकूम करू शकत नाही. हात जोडते. लवकर करा."

तो ग्रुप म्हणजे आमच्याकडचं रणांगण. पार्किंगच्या रेषेवरून तिथे महिनाभर युद्ध चाललेलं. कोणाच्या दाराची दुधाची पिशवी कोणी उचलली यावरून दोन घरांचं बोलणं बंद. मी साधं "उद्या टाकी धुणार" लिहिलं तरी खाली पंधरा शंका. त्या दिवशी माझ्या निरोपाखाली कोणीही काही लिहिलं नाही. अंगठा नाही, प्रश्न नाही. मला वाटलं, संपलं. सगळे झोपलेत, नाहीतर ऐकून न ऐकल्यासारखं करताहेत.

मी जिन्यात उभी होते. आणि चौथ्या मजल्यावरचा एक कूलर थांबला.

कूलर थांबतो तेव्हा एकदम गप्प होत नाही. आधी पाण्याची मोटर बंद पडते, मग मोठा पंखा दमत दमत थांबतो, आणि शेवटी गवतातून पाणी टपटपत राहतं. एक थांबला. मग त्याच्या खालचा. मग समोरचा. मग दोन एकदम. मी मान वर करून त्या पोकळीत बघत राहिले. ज्या आवाजाला आम्ही आवाज म्हणायचंही सोडून दिलं होतं, तो थरथरत, तुटत तुटत खाली येत होता. दुधाच्या पिशवीवाली दोन्ही घरं बंद झाली. पार्किंगवाले बंद झाले. मी देवळातही उभी राहत नाही तितक्या विश्वासानं त्या जिन्यात उभी होते.

दुसऱ्या मजल्यावरचा मोठा कूलर मात्र चालू होता. मी वर चढले. वकीलसाहेब बनियनवर दारातच उभे होते, हातात मोबाइल.

"खरं सांगा मॅडम, किती उरला?"

"काटा लालवर आहे."

"माह्या घरी बाळंतीण हाये." ते भांडत नव्हते. मला सांगतही नव्हते, असं वाटलं. स्वतःलाच आठवण करून देत होते. तेवढ्यात आतून त्यांची मुलगी आली, पदराखाली बाळ, खांद्यावर टॉवेल. म्हणाली, "बाबा, मी खाली पार्किंगमंदी जाऊन बसते. तिथं सावली हाये. तुमी कूलर बंद करा." आणि जिना उतरायला लागली. तिची आई मागोमाग चटई घेऊन. वकीलसाहेबांनी आत जाऊन बटण दाबलं.

आता इमारत पूर्ण गप्प झाली. वकीलसाहेब छताकडे कान लावून उभे राहिले. वरून फक्त ती टीं टीं.

"नाई झाली," ते म्हणाले. "काहून नाई झाली?"

कारण एकटी आमची इमारत पुरी पडत नव्हती. अख्खी गल्ली त्याच फेजवर बसली होती. मी त्यांना तसं सांगितलं. गल्लीत माझा ग्रुप नव्हता. तिथल्या लोकांना सर कोण, मी कोण, काय ठाऊक?

वकीलसाहेबांनी मोबाइल खुर्चीवर फेकला आणि गॅलरीत गेले. भर दुपारी, बनियनवर, कठड्याला पोट टेकवून त्यांनी जो आवाज काढला तसा कोर्टात तरी काढत असतील का कोण जाणे. "अरे ओऽ समोरवाले! कूलर बंद करा बाप्पा! इथं माणूस मरून राहिला!" समोरच्या इमारतीत एक खिडकी उघडली. "काय झालं?" "ऑक्सिजनची मशीन हाये! व्होल्टेज नाई! बंद करा आणि पुढच्याले सांगा!" त्या खिडकीतल्या बाईनं एक शब्द विचारला नाही. कोण, कुठला, कोणाचा, काही नाही. आत गेली. तिचा कूलर थांबला आणि ती दुसऱ्या बाजूच्या गॅलरीत येऊन पलीकडच्यांना ओरडायला लागली.

मी गॅलरीत वकीलसाहेबांच्या मागे उभी राहून पाहत होते. आवाज इमारतीवरून इमारतीवर गेला. कोणी छतावर चढलं. कोणी रस्त्यावर उघड्या डोक्यानं उतरून दारं वाजवायला लागलं. आणि गल्ली शांत होत गेली, या टोकाकडून त्या टोकाकडे, जसं कोणी चादर ओढत न्यावी. मे महिन्यात, दुपारी, अकोल्यात शांतता! मी इथे आल्यापासून ती ऐकली नव्हती. दूर कुठेतरी कुत्रं भुंकलं ते ऐकू आलं. गवतातून ठिबकणारं पाणी ऐकू आलं. मला रडू कोसळलं आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. ही तीच माणसं होती ज्यांचे नळ मला पाठ होते. मला वाटायचं मी त्यांना ओळखते.

त्या शांततेत एक कूलर मात्र मजेत घोंघावत होता. वकीलसाहेबांनी कान टवकारले. "हा कोणाचा? खाली चालू हाये कोणाचा तरी." वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमच्याच ऑफिसचा हाये तो."

मी कशी धावले ते विचारू नका. पार्किंगमध्ये बसलेली बाळंतीणसुद्धा हसली. मी बटण बंद केलं, आणि वळते न वळते तोच वरून, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातून, आरोळी आली.

"लागली! मशीन लागली! मी आवाज ओयखतो तिचा!"

वर माझ्या आधी कोणी पोचलं नव्हतं. दार उघडंच होतं. लाल दिवा जाऊन हिरवा आला होता. घूं घूं, मग फस्स. परत घूं घूं. काकू जमिनीवर बसून एक हात मशीनवर ठेवून होत्या, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि त्यांचे डोळे वाहत होते. सरांची छाती वर जात होती, खाली येत होती. मी पलंगाशी उभी राहून नुसती ते बघत राहिले. श्वास आत जातो आणि बाहेर येतो, एवढंच. दुनियेत याहून मोठं काही चाललेलं नसेल असं मला वाटलं.

थोड्या वेळानं सरांनी डोळे उघडले. बोटानं मशीनच्या स्टॅबिलायझरवरचा व्होल्टेजचा काटा दाखवला, तो वर चढला होता. मग कान देऊन ऐकलं. खिडकीबाहेरची शांतता त्यांच्या ध्यानात आली.

"कोणी बंद केले?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांनी. अख्ख्या गल्लीनं, सर."

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, कोडं होतं. "काहून?" ते म्हणाले.

शाळेत मुलांना आयुष्यभर कारणं सांगितलेला माणूस मला कारण विचारत होता.

खाली पार्किंगमध्ये जत्रा भरली होती. खांबाखांबांना ओल्या चादरी बांधल्या होत्या. कोणी कैरीचं पन्हं आणलं, कोणी माठच उचलून आणला. ज्या रेषेवरून युद्ध झालं होतं तिच्या दोन्ही बाजूंना त्याच घरांच्या बाया एका चटईवर बसून एकमेकींच्या पाठीवर ओले नॅपकिन टाकत होत्या. बाळाला मधोमध, सगळ्यांत गार फरशीवर दुपट्यात निजवलं होतं आणि पाळी लावल्यासारखं कोणी ना कोणी त्याला पुठ्ठ्यानं वारा घालत होतं. घामानं सगळे निथळत होते. तोंडं लाल झाली होती. एकानेही "आता लावू का कूलर" असं विचारलं नाही. कोणी जरा मोठ्यानं बोललं की वकीलसाहेब जिन्यातून दरडावायचे, "हळू बोला ना! मले ऐकू येत नाई!" ते आपल्या दारात खुर्ची टाकून, मान वर करून बसले होते. मी त्यांना पन्ह्याचा पेला नेऊन दिला, त्यांनी तो न बघता घेतला.

ऊन कलल्यावर मुलगा मोठं सिलिंडर घेऊन आला. त्याच्या मागे ॲम्ब्युलन्स आली. नंतर कधीतरी डीपीही दुरुस्त झाली. तरी कूलर लागायला वेळ लागला. सगळे चटया गोळा करत रेंगाळत राहिले. कोणालाच आधी वर जायचं नव्हतं असं मला वाटलं, पण कदाचित ते माझंच असेल.

म्हणून सगळे देवमाणूस झाले असं नाही. दुसऱ्याच आठवड्यात पार्किंगची रेष पुन्हा पेटली. पुण्याच्या मालकानं ओलीचा विषय पुन्हा योग्य वेळेवर ढकलला. मी पूर्वीसारखीच चिडते, पूर्वीसारखीच फोन आपटते. फक्त आता कोणाच्या नळावरून त्याच्याबद्दल मत बनवायला गेले की मधेच अडखळते.

पावसाळा लागायच्या आधीची एक सकाळ. ऑफिस उघडून खुर्ची पुसत होते आणि फोन वाजला. वकीलसाहेब. त्यांचा जुना, ठेवणीतला आवाज.

"मॅडम, काय करून राहिल्या तुमी तिथं? वरचा आवाज बंद हाये. केव्हाचा बंद हाये. पाहून या लवकर!"

मी फोन टाकून धावले. लिफ्टची वाट पाहिली नाही. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर ते दार उघडं टाकून उभे होते, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. वर जायचं धाडस त्यांना होत नव्हतं हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. मी तशीच वर गेले. काकूंचं दार ढकललं.

सर गॅलरीत बसून चहा पीत होते. नाकात नळी होती, ती शेजारच्या सिलिंडरला लावलेली. काकू बेसिनपाशी मशीनचं फिल्टर धूत होत्या.

"काय झालं बेटा? इतकी काहून धावून आली?"

मी दाराला टेकले. श्वास लागला होता, बोलता येईना. कसंबसं म्हटलं, "खालून तक्रार आहे."

काकूंचा चेहरा उतरला. "आता कशाची? मशीन तर बंद हाये."

"त्याचीच. आवाज येत नाही म्हणून."

काकू हातात फिल्टर धरून तशाच राहिल्या. सरांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मग फरशीकडे, जसं त्या दुपारी पाहिलं होतं. पण या वेळी नजर तिथंच राहिली.

मग काकूंना म्हणाले, "लवकर वाळव ते. खाली वकीलसाहेब वाट पाहून राहिले."

काकूंनी फिल्टर झटकून गॅलरीच्या उन्हात धरलं. आमच्या उन्हाला असल्या कामाला फार वेळ लागत नाही. त्यांनी ते जागेवर बसवलं, बटण दाबलं. घूं घूं, मग फस्स. आम्ही तिघंही ऐकत राहिलो, आणि जरा वेळानं खालच्या मजल्यावरचं दार हळूच लागल्याचा आवाज आला.